गर्भिणीचा पोशाख आणि घरातील खर्च

आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचा थाट होतो, तेव्हा गर्भिणीसाठी हिरवी साडी घेताना घरचे लोक किमतीकडे फारसे पाहत नाहीत. ती साडी दोन-चार तास तिच्या अंगावर राहते, छायाचित्रे निघतात, आणि मग ती कपाटात जाते. हीच स्त्री दुसऱ्या दिवशी पहाटे जो परकर नेसून ओट्याशी उभी राहते, त्याची नाडी तिच्या पोटात रुतते की काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. आम्हांस आज या नाडीविषयीच लिहावयाचे आहे. विषय क्षुल्लक समजून जे वाचक पान उलटतील, त्यांच्या घरातही तो क्षुल्लक असेलच असे नाही.

पाचव्या महिन्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत चढते. शेवटच्या महिन्यांपर्यंत अंगातील रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. त्यामुळे उकाडा अधिक भासतो व घाम अधिक येतो. छाती भरते, सायंकाळी पावले सुजतात. देह असा महिन्यागणिक पालटत असता पोलके मात्र लग्नातल्या मापाचे! परकराची बारीक दोरी साडीचा व निऱ्यांचा सारा भार कमरेच्या एकाच रेषेवर आणते. तेथे वळ उठतात, कातडी सोलवटते व खाज सुटते. वर्षानुवर्षे करकचून बांधलेल्या वस्त्राच्या घर्षणाने दोन वृद्ध स्त्रियांच्या कमरेस व्रण होऊन त्यांचा कर्करोग झाल्याची नोंद वर्धा व मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात केली आहे. असे फार क्वचित घडते, आणि नऊ महिन्यांच्या नाडीने ते होईल असे आमचे म्हणणे नाही. परंतु 'नाडीने काय होते?' या प्रश्नास एवढे उत्तर पुरे आहे.

उपाय अगदी स्वस्त आहे. दोरी काढून दोन बोटे रुंद मऊ सुती पट्टी किंवा रुंद इलॅस्टिक ओवावे आणि गाठ पोटाच्या खाली सैल बांधावी. पोलक्याच्या शिवणीत शिंप्याने माया ठेवलेली असते; ती उसवली की बहुधा काही महिने निभावतात. नवे पोलके शिवणेच झाले तर हुका पुढून लावाव्यात, म्हणजे बाळास पाजतानाही तेच चालते. आईचे धुवून धुवून मऊ झालेले सुती जुनेर तर दुकानातल्या कोणत्याही कापडाहून सुखाचे. त्याचा घोळदार झगा कोणताही शिंपी थोडक्या मजुरीत शिवून देईल. जावा-नणंदांचे कपडे मागून आणण्यात कमीपणा कसला? चार महिने वापरलेले वस्त्र झिजत नाही. पतीचा जुना सदरा पत्नीने घरात घातल्याने त्याच्या पुरुषार्थास बाध आल्याचेही आम्ही अद्याप ऐकलेले नाही.

'मॅटर्निटी' अशी चिठ्ठी लावून जे कपडे महाग विकले जातात, ते सारेच टाकाऊ आहेत असे नव्हे. रोज लोकलने कचेरीत जाणाऱ्या स्त्रीने पोटाशी ताणणारी पट्टी असलेली एखादी विजार घेतली, तर तो खर्च योग्यच होय. पण बाकीचे काम दोन मापे मोठा, बाजूस चिरा असलेला साधा कुडता भागवितो. पैसा खर्चावयाचाच असेल तर तो छातीस नीट आधार देणाऱ्या, तार नसलेल्या आतील वस्त्रावर आणि न घसरणाऱ्या सपाट चपलांवर खर्चावा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्याच्या वेळी पात्र मातेस मिळणारे ५,००० रुपये तिच्या बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई व्हावी आणि तिला विश्रांती मिळावी म्हणून आहेत. ते हिरव्या साडीत घालणे हा सरळ अपहार होय.

खरी अडचण पैशाची नाहीच. ती लोकलाजेची आहे. सासऱ्यांसमोर झगा नको, पाहुण्यांसमोर ओढणी हवी, आणि हे सारे ऐन वैशाखात! स्त्रियांनी जाकिटे घालावीत की नाही, एवढ्यासाठी आगरकरांना 'सुधारका'त लेखणी झिजवावी लागली. त्यास शंभरांहून अधिक वर्षे लोटली, तरी घरातील स्त्रीने काय ल्यावे हे तिच्यावाचून इतर सर्वजण ठरवितात. सासऱ्यांनीच एकदा 'मुली, सैल वस्त्र नेस' असे म्हटले, तर निम्मा प्रश्न तेथेच सुटेल.

एक गोष्ट मात्र कपड्यांवर ढकलू नये. हातातला चुडा वा अंगठी एकाएकी घट्ट होऊ लागली, तोंड सुजले, जोडीस डोके दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

कापडाच्या व्यापाऱ्यांस आमची एक विनंती आहे. तयार परकरांत आपण बारीक दोरी ओवून देता, तिच्या जागी रुंद पट्टी ओवावी. भाव थोडा वाढला तरी गिऱ्हाईक कुरकुरणार नाही.