रक्त येतंय? मग ब्रश थांबवू नका

ब्रश करताना बेसिनमध्ये लालसर थुंकी दिसली, की बहुतेकांचे दोन निष्कर्ष ठरलेले असतात. एक, ‘क जीवनसत्त्व’ कमी पडले. दोन, ब्रश लागला. आता काही दिवस तिथे हात लावायचा नाही. पहिल्या निष्कर्षामागे इतिहास आहे. जेम्स लिंडने १७४७ मध्ये स्कर्व्हीने हिरड्या सडलेल्या खलाशांना संत्री-लिंबे देऊन बरे केले होते. पण ते खलाशी ताज्या फळभाजीवाचून दिवस काढत होते. ज्याच्या जेवणात लिंबू, पेरू, कोथिंबीर नेहमी असते, त्याने आधी दुसरे कारण शोधावे. दुसरा निष्कर्ष मात्र घातकच.

याचा पुरावा १९६५ मध्ये मिळाला. डेन्मार्कमधील ऑरहूस येथे हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे पूर्ण थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू होताच आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. प्रयोगाची खुमारी अशी, की माणूस तोच, त्याची आनुवंशिकता तीच. बदलला तो फक्त दातांवरचा जिवाणूंचा थर. ‘आमच्या घराण्यातच हिरड्या कमजोर’ या सबबीला इथे जागा उरत नाही. टूथपेस्टच्या जाहिरातींत हळद-लवंगेचा उदोउदो होतो. ल्यो यांचे नाव कुणी घेत नाही!

मग न घासणाऱ्या सगळ्यांचेच दात का पडत नाहीत? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तरही ल्यो यांच्याच कामात आहे. श्रीलंकेतील चहामळ्यांतल्या ४८० मजुरांचा त्यांच्या गटाने १९७० पासून पंधरा वर्षे मागोवा घेतला. दात घासण्याची सवय नसलेल्या या मजुरांत हिरड्यांची सूज सर्वत्र होती. पण दातांचा आधार झपाट्याने गेला तो सुमारे ८ टक्क्यांचा, आणि ११ टक्क्यांचा आजार सुजेपुढे गेलाच नाही. म्हणजे प्रकृतीचा वाटा आहे, पण तो पुढच्या प्रवासात. सुरुवात थरापासूनच होते. उलट, रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहणेही चूक. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते आणि आजार आतल्या आत वाढतो.

तेव्हा मऊ ब्रश दात-हिरडीच्या सांध्यावर तिरका धरावा, दातांच्या फटीही साफ कराव्यात. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर थराचे कठीण किटण झालेले असू शकते. ते ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडूनच काढावे लागते. ‘सफाईने दात हलतात’ ही भीती खरी वाटते, कारण किटण निघाले आणि सूज उतरली की आधीच झिजलेल्या हाडाचा परिणाम उघडा पडतो. त्यानंतरही रक्त थांबत नसेल, तर मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण आणि क्वचित रक्ताचा आजार यांचा विचार डॉक्टरांनी करायचा असतो. आपण परस्पर औषध बंद करायचे नाही, आणि ब्रशही.