घोड्याचा पोटशूळ : आतडे जागा सोडते तेव्हा

लग्नसराईत हैदराबादच्या कुकटपल्लीसारख्या उपनगरात नवरदेवाच्या घोड्याला तासन्‌तास रस्त्यावर उभे राहावे लागते. पाण्याची आबाळ होते आणि चंदीच्या वेळा चुकतात. रात्री पागेत परतल्यावर असा घोडा पुढच्या पायाने जमीन खरवडू लागला, वारंवार कुशीकडे वळून पाहू लागला किंवा अंग टाकून लोळू लागला, तर तो थकवा समजणे जिवावर बेतू शकते. हा पोटशूळ असू शकतो.

पोटशूळ हे रोगाचे नाव नसून लक्षण आहे. त्याच्या अनेक कारणांपैकी मोठ्या आतड्याने जागा सोडणे हे एक गंभीर कारण होय. घोड्याच्या मोठ्या आतड्यातील कोलन हा भाग तीन मीटरहून अधिक लांब असतो. तो दुहेरी घडी घालून पोटात बसलेला असतो आणि पोटाच्या भिंतीशी त्याचे बंध फार थोडे असतात. आत वायू साचला किंवा चारा तुंबला की तो फुगतो आणि सरकतो. डावीकडे सरकल्यास तो प्लीहा आणि डावे मूत्रपिंड यांना जोडणाऱ्या पडद्यावर, वलणीवर टाकलेल्या धोतराप्रमाणे, लटकून अडकतो. उजवीकडे सरकल्यास पोटाची भिंत आणि अंधनाल यांच्यामध्ये शिरतो. मात्र त्याला पीळ पडला, तर रक्तपुरवठा तुटून काही तासांत मृत्यू ओढवू शकतो.

घोड्याला उलटी करता येत नाही. म्हणून पशुवैद्य प्रथम नाकावाटे जठरात नळी घालून तेथे साचलेला द्रव व वायू बाहेर काढतात. गुदमार्गातून हात घालून आतड्याची जागा चाचपतात, सोनोग्राफीने खात्री करून घेतात. विश्रांतीत असलेल्या प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 40 असते. ती 60 च्या पुढे गेली किंवा वेदनाशामक देऊनही कळ शमली नाही, तर धोका मोठा समजावा.

आतडे सरकले म्हणजे शस्त्रक्रिया अटळ, असे मात्र नाही. पीळ नसेल आणि घोडा स्थिर असेल, तर चारा बंद ठेवून वेदनाशामके व सलाइन देतात. फुगवटा ओसरला की आतडे अनेकदा आपोआप जागेवर येते. डावीकडच्या अडकण्यात फेनिलेफ्रिन हे औषध शिरेतून देऊन घोड्याला दुडक्या चालीने फिरवतात. औषधाने प्लीहा आकसते आणि आतड्याला निसटायला वाट मिळते. वयस्क घोड्यांमध्ये या औषधाने जीवघेणा अंतर्गत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तेथे विशेष सावधगिरी लागते. दुसरा मार्ग म्हणजे संपूर्ण भूल देऊन घोड्याला ठरावीक दिशेने लोळवणे. हे उपाय फसले किंवा पिळाचा संशय आला, तर पोट उघडून आतडे पूर्ववत बसवावे लागते. वेळेत केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बरेच घोडे पुन्हा कामाला लागतात. तथापि हा त्रास उलटू शकतो.

पशुवैद्य येईपर्यंत मालकाने चारा व चंदी काढून घ्यावी, घोड्याला मोकळ्या जागी न्यावे, झेपेल तेवढे सावकाश चालवावे. दमवू नये. तोंडाने तेल वा काढा पाजू नये. तो फुप्फुसात जाऊ शकतो आणि भरलेल्या जठरावरचा ताणही वाढतो. वेदनाशामक परस्पर टोचू नये, कारण दुखणे झाकले जाते, आतड्याची अवस्था मात्र बिघडतच राहते. आधीच टोचले असल्यास औषध, मात्रा आणि वेळ सांगावी.

खरी कसोटी अंतराची असते. तेलंगणाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ हैदराबादच्या नैऋत्येला राजेंद्रनगरात आहे, कुकटपल्ली वायव्येला. माथेरानमध्ये तर मोटारींना बंदी असल्याने आजारी घोड्याला आधी वाहनापर्यंत आणणेच कठीण. म्हणून मोठ्या जनावराची शस्त्रक्रिया कोठे होते, तेथे रात्री कोण असते आणि घोडा नेण्यास वाहन कोणाचे, हे आधीच विचारून ठेवावे.

प्रतिबंध मात्र हाताशी आहे. सतत स्वच्छ पाणी, पुरेसा सुका चारा, थोडी थोडी विभागलेली चंदी, खाद्यातील बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू, दातांची तपासणी, जंतनिर्मूलन आणि रोजची मोकळी हालचाल. वरातीच्या दिवशीही मधूनमधून पाण्याची बादली पुढे करणे एवढे तर करता येतेच.