परदेशी कुटुंबाचे भाड्याचे घर : अहिल्यानगर शहरातील व्यवहार आणि कायदा

प्रस्तावना

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, या शहराला परदेशी रहिवासी नवे नाहीत. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र येथे सुरू झाले आणि १८३९ पासून सिंथिया फॅरार यांनी येथे मुलींच्या शिक्षणाचे कार्य केले. तथापि मिशनरी कुटुंबे मुख्यत्वे मिशनच्याच आवारात राहत असल्याने स्थानिक घरमालकाशी करार करण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे क्वचितच येत असे. विसाव्या शतकात शहरापासून जवळच, दौंड रस्त्यावरील अरणगाव येथे, १९२३ पासून मेहेरबाबांचे वास्तव्य सुरू झाले. १९६९ मध्ये त्यांची समाधी तेथेच झाली आणि मेहेराबाद हे नाव जगभरातील भाविकांना परिचित झाले. तेथे यात्रेकरूंसाठी निवासाची सोय आहे. २००६ मध्ये मोठे यात्री निवासही सुरू झाले. परंतु ते उन्हाळ्याचे सुमारे तीन महिने बंद असते आणि त्याची रचना अल्पकाळच्या मुक्कामासाठी आहे. मुलाबाळांसह वर्ष-दोन वर्षे राहू इच्छिणाऱ्या कुटुंबास अरणगाव परिसरात अथवा सावेडी, केडगाव, बुरुडगाव रस्ता अशा भागांत भाड्याचे घर शोधावे लागते. औद्योगिक वसाहतीत परदेशी तंत्रज्ञ आला तर त्याच्यापुढेही हीच अडचण असते.

अशा कुटुंबास घर मिळवून देताना नगरच्या व्यवहारात कोठे गफलत होते आणि तिची किंमत कोणास मोजावी लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अकरा महिन्यांचा समज

घर बहुधा ओळखीतून मिळते. कोणा परिचिताने शब्द टाकला की घरमालक तयार होतो, अनामत रक्कम ठरते, आणि मुद्रांक कागदावर अकरा महिन्यांचा करार लिहून नोटरीचा शिक्का मारला जातो. ‘अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही’ हा समज या प्रथेच्या मुळाशी आहे. तो सर्वस्वी निराधार नव्हता. १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक ठरते. एक महिना कमी केला की ती टळत असे. त्यातच १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याची धास्ती होती. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने जागेत असलेल्या अनेकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला आणि ‘दिलेले घर परत मिळत नाही’ ही भीती घरमालकांच्या मनात कायमची रुजली.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि स्थिती पालटली. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार अथवा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार लेखी व नोंदणीकृत असणे अनिवार्य आहे. त्यात अकरा महिन्यांची सवलत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. याहून महत्त्वाचे असे की, नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. याउलट कलम २४ अन्वये परवान्याची मुदत संपल्यावर घरमालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन तुलनेने लवकर ताबा मिळविता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. ज्या भीतीपोटी घरमालक नोंदणी टाळतो, त्या भीतीवरचा उपाय नोंदणीतच आहे, हे अद्याप पुरेसे लक्षात घेतले जात नाही.

खर्चाचे कारणही टिकणारे नाही. दरमहा १२,००० रुपये भाडे, ५०,००० रुपये परतीची अनामत आणि २४ महिन्यांची मुदत असे उदाहरण घेऊ. एकूण भाडे २,८८,००० रुपये. अनामतीवर दरसाल १० टक्के दराने धरलेले दोन वर्षांचे व्याज १०,००० रुपये. या २,९८,००० रुपयांवर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क ७४५ रुपये होते, ते शंभराच्या पटीत ८०० रुपये धरावे. महानगरपालिका क्षेत्रातील नोंदणी फी १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. म्हणजे अरणगावसारख्या गावात हा खर्च आणखी कमी पडतो. भाड्याचे उत्पन्न कागदावर येऊ नये ही इच्छा असेल, तर तो प्रश्न खर्चाचा उरत नाही.

परदेशी कुटुंबासाठी कागदाचा अर्थ

भारतीय भाडेकरूच्या बाबतीत नोंदणी राहिली तर वाद उद्भवेपर्यंत काही बिघडत नाही. परदेशी कुटुंबाचे तसे नाही. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्यास विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडे असते आणि २०१८ पासून अर्ज ऑनलाइन करता येतो. नोंदणीसाठी तसेच व्हिसाच्या मुदतवाढीसाठी निवासाचा पुरावा मागितला जातो. वीजबिल मालकाच्या नावाचे असते. कुटुंबाच्या हाती पुरावा म्हणून असतो तो केवळ भाडेकरार. तो घाईत लिहिलेला, नावात चूक असलेला किंवा मुदत संपलेला असेल तर अर्ज अडतो, आणि शाळेत बसलेल्या मुलांसह सारे बिऱ्हाड अधांतरी होते. मालकाने वाचविलेले अठराशे रुपये येथे दुसऱ्याच्या खात्यातून वसूल होतात.

दुसरी बाब स्वतः मालकाच्या कर्तव्याची. परदेशी व्यक्तीस निवास देणाऱ्याने २४ तासांच्या आत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. पूर्वी हे ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखले जाई. १९३९ व १९४६ चे जुने कायदे रद्द करून आलेला आप्रवास व विदेशी नागरिक अधिनियम, २०२५ हा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यातही हे कर्तव्य कायम आहे. हे केवळ हॉटेलांपुरते आहे असे अनेक घरमालक समजतात. ते घरगुती मालकासही लागू आहे. तसेच स्थानिक पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली म्हणजे हे काम झाले असेही नाही. या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

ही अट भारतापुरती नाही, हे येथे नमूद करावयास हवे. व्हिएतनाममध्ये २०१४ च्या कायद्यानुसार परदेशी व्यक्तीस जागा देणाऱ्याने १२ तासांच्या आत, दुर्गम भागात २४ तासांच्या आत, स्थानिक पोलिसांकडे तात्पुरत्या वास्तव्याची नोंद करावयाची असते. हो ची मिन्ह सिटी किंवा हनोई येथे नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबास सदनिका घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो, की मालक नोंद करून देणार आहे काय. भाडे कमी सांगणारा पण नोंदीस तयार नसलेला मालक तेथेही महागात पडतो. आपला मुलगा परदेशी भाडेकरू म्हणून जी अपेक्षा धरील, ती नगरमधील घरमालकाने आपल्या भाडेकरूविषयी धरण्यास हरकत नसावी.

करारात काय असावे

ऑनलाइन नोंदणीस आधार क्रमांक व बोटांचे ठसे लागतात. मागील बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीस आधार मिळू शकते, पण नव्याने आलेल्याकडे ते नसते. अशा वेळी पारपत्र व साक्षीदारांसह दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जावे. एजंट ‘ऑनलाइन होत नाही, नोटरीच करू’ असे सुचवितो, तेथेच बहुतेक चुकीची सुरुवात होते.

करारात सर्व प्रौढ व्यक्तींची नावे पारपत्रातील अक्षररचनेप्रमाणे असावीत. मुदत शक्यतो व्हिसाच्या मुदतीशी जुळती असावी. व्हिसाची मुदत न वाढल्यास एक महिन्याच्या सूचनेने अनामत न गमावता घर सोडता येईल, असे कलम अवश्य घालावे; छापील नमुन्यात ते नसते, उलट ठरावीक काळ घर न सोडण्याची अट असते. अनामत कोणत्या खात्यात व किती दिवसांत परत करावयाची हेही लिहावे, कारण तोपर्यंत कुटुंब देशाबाहेर गेलेले असू शकते. करार मराठीत असल्यास त्याचे इंग्रजी भाषांतर सही करण्यापूर्वी द्यावे.

शीर्षकावर मात्र विसंबू नये. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर (१९५९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दस्तऐवजाचे नाव काय यापेक्षा त्याचा आशय व पक्षकारांचा हेतू महत्त्वाचा. सोसायटीतील सदनिका असेल तर बिगर-भोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. ते कोणी भरावे हे आधीच ठरवावे. नळाचे पाणी रोज येते की दिवसाआड, उन्हाळ्यात टँकर आला तर पैसे कोणाचे, हे प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नाहीत. तरी नगरमध्ये घर पाहताना ते व्हिसाइतक्याच आवर्जून विचारावेत, आणि मिळालेले उत्तर करारात लिहून घ्यावे.