वाळूत रूळ, रस्त्यावर ब्लॉक

ठाण्याच्या माणसाला ब्लॉक म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. रुळांच्या कामासाठी आज गाड्या बंद आहेत का, हेच तो रविवारी घराबाहेर पडण्याआधी विचारतो. शारजात आलो आणि ब्लॉक भेटला तो रस्त्यावर. १ जुलै ते ३० ऑगस्ट २०२५ या दोन महिन्यांसाठी युनिव्हर्सिटी ब्रिजजवळचे, मलिहा रोड आणि शारजा रिंग रोड यांना जोडणारे रस्ते बंद राहिले. कारण होते एतिहाद रेलचे, म्हणजे अमिरातीच्या राष्ट्रीय रेल्वेचे काम.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेज, फॅब्रिकेशनच्या शेड आणि गोदामे यांच्यामध्ये राहणाऱ्यांना दुबईकडे जाणारी सकाळची कोंडी पाठ असते. त्यामुळे रस्ता बंद झाल्याचा त्रास झाला तरी आम्ही कुंपणापलीकडे कुतूहलाने पाहत राहिलो. एक थर मातीचा, त्यावर टँकरने पाणी, मग रोलर, मग पुन्हा माती. रेल्वेच्या भरावाला घाई चालत नाही. खालचा थर नीट दबला नाही, तर पुढे वरचा रूळ खचतो.

रुळांखाली अंथरायची खडी कठीण आणि कोनदार लागते. खड्यांचे कोन एकमेकांत अडकतात, भार पसरतो आणि मधल्या फटींतून पाणी निघून जाते. वाळवंटात त्याच फटींत वाळू शिरते. खडी वाळूने भरली की ती दगडासारखी घट्ट होते, तिची लवचीकता जाते आणि गाडीचा दणका थेट स्लीपरला बसतो. आपल्याकडे पावसाळ्याआधी नाले उपसतात, इथे वाळू उपसावी लागते, आणि तीही बारा महिने.

दुसरा प्रश्न उन्हाचा. लांबच लांब जोडलेल्या रुळाला सांधे नसतात. पोलाद तापले की वाढते. एक किलोमीटरचा मोकळा रूळ ४० अंशांनी तापला तर साधारण ४६ सेंटिमीटर लांब होईल. ती वाढ स्लीपर, क्लिपा आणि खडी मिळून दाबून धरतात. म्हणून रूळ कोणत्या तापमानाला आवळायचा हे आधी ठरवले जाते. ते चुकले तर उन्हात रूळ वाकडा होतो. रूळ पेलतो, पण माणसाला असे आवळून कसे चालेल? १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला अमिरातीत बंदी आहे. तेवढा वेळ यंत्रे उभी असतात आणि माणसे सावलीत असतात. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

ठाण्यात काम ऊन नव्हे, गाडी अडवते. मे २०२४ च्या अखेरीस तिथे ६३ तासांचा ब्लॉक घेतला गेला. पाच आणि सहा क्रमांकाचा फलाट दोन-तीन मीटर रुंद करायचा, तर शेजारचा रूळ सरकवावा लागतो, त्याबरोबर ओव्हरहेड वायरही हलवावी लागते. त्याच सुमारास सीएसएमटीला १० आणि ११ क्रमांकाचे फलाट २४ डब्यांच्या गाड्यांसाठी लांब केले गेले. तीन दिवसांत लोकलच्या ९३० फेऱ्या रद्द झाल्या. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली होती. १७१ वर्षांनी तिथेच फलाटाची रुंदी वाढवायला अशी ओढाताण करावी लागली.

एतिहाद रेलची स्थापना २००९ची. पहिला टप्पा शाह आणि हबशानहून रुवैसकडे गंधक नेण्यासाठी झाला. सुमारे ९०० किलोमीटरच्या देशव्यापी जाळ्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२३ मध्ये झाले. मालगाड्या डिझेलवर धावतात, त्यामुळे डोक्यावर वायर नाही. प्रवासी सेवेचा मुहूर्त २०२६ चा जाहीर झाला आहे. वेग ताशी २०० किलोमीटरपर्यंत आणि अबुधाबी ते दुबई ५७ मिनिटे, असे सांगितले गेले. शारजाचे स्थानक युनिव्हर्सिटी सिटीत होत आहे. विद्यार्थ्यांची सोय होईल, हे चांगलेच आहे.

पण स्थानकाची खरी परीक्षा फाटकाबाहेर होते. ठाण्याला गर्दी इतकी आहे, कारण दारातच बस, रिक्षा आणि बाजार आहेत. इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पमधून सकाळी निघणाऱ्या माणसाकडे गाडी नाही आणि टॅक्सी परवडत नाही. पहिली गाडी सुटण्याआधीच इंडस्ट्रियल एरिया आणि सजा इथून स्थानकापर्यंत पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वस्त बस सुरू व्हायला हवी, आणि तिकिटाचा दर कामगाराचा पगार पाहून ठरायला हवा. रूळ टाकणारा माणूस त्या रुळावरून प्रवासही करू शकला पाहिजे. नियोजन करणाऱ्यांनी एवढे जरूर करावे.