कुलूप उघडण्याचा छंद आणि बंद घराची सुरक्षा

हैदराबादच्या पुरानी हवेलीतील निजाम संग्रहालयातून सप्टेंबर २०१८ मध्ये रत्नजडित सोन्याचा डबा, कपबशी आणि चमचा चोरीस गेला. काही दिवसांतच पोलिसांनी चोरांना पकडले व ऐवज परत मिळवला. या चोरीतील एक तपशील प्रत्येक घरमालकाने लक्षात ठेवावा असा आहे. दाराच्या कुलपाशी झटापट करण्याच्या भानगडीत चोर पडलेच नाहीत. वरच्या झरोक्यावाटे दोरी सोडून ते आत उतरले. आपण मात्र घर बंद करताना सारा भरवसा दारावरच्या कुलपावर टाकतो, आणि ते कुलूप आतून कसे चालते हे बहुतेकांना ठाऊक नसते.

हे अज्ञान दूर करण्याचा एक अनपेक्षित मार्ग म्हणजे कुलपे किल्लीवाचून उघडण्याचा छंद. युरोप-अमेरिकेत तो बराच रुजला आहे. जर्मनीत १९९७ साली हॅम्बुर्ग येथे अशा छांदिष्टांची संघटना स्थापन झाली. लास व्हेगास येथे भरणाऱ्या ‘डेफ कॉन’ या संगणक सुरक्षा परिषदेत कुलपांच्या सरावासाठी स्वतंत्र विभाग असतो. संगणकाची सुरक्षा आणि कुलपाची सुरक्षा यांचे नाते तसे जवळचेच आहे. व्यवस्था नेमकी कोठे ढिली आहे हे शोधणे, हा दोन्हींचा गाभा होय.

हैदराबादसारख्या शहरात या छंदाला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी आहेत. एकीकडे माहिती तंत्रज्ञानात काम करणारी तरुण मंडळी आणि ‘टी-वर्क्स’सारखी, २०२३ मध्ये खुली झालेली, वस्तूंचे नमुने घडविण्याची अद्ययावत कार्यशाळा. दुसरीकडे बाजारपेठेत पदपथावर किल्ल्यांचे जुडगे मांडून बसणारे चावीवाले. या चावीवाल्यांचे कसब नीट पाहण्यासारखे असते. मूळ किल्ली हरवलेल्या कुलपात ते कोरी किल्ली घालतात, ती किंचित दाबून फिरवतात आणि बाहेर काढून तिच्यावर उमटलेले बारीक व्रण पाहतात. जेथे व्रण दिसतो तेथे कानस चालवायची व किल्ली पुन्हा आत घालायची. अशा दहा-वीस फेऱ्यांत किल्ली तयार होते. कुलूप न फोडता, त्याच्याचकडून त्याच्या किल्लीचे माप काढून घेण्याची ही विद्या आहे.

ही विद्या आपल्याला परकी नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील शर्विलक हा चोर आपल्या जानव्याचे उपयोग सांगतो. भिंतीला भोक पाडताना त्याने माप घेता येते, अंगावरचे दागिने सोडवता येतात आणि यंत्राने घट्ट बसवलेले दारही उघडता येते, असे त्याचे म्हणणे. गोविंद बल्लाळ देवल यांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे शर्विलक मराठी प्रेक्षकांच्याही ओळखीचा झाला. घरच्या घरी मिळणाऱ्या साध्या वस्तूने कुलूप उघडण्याचा आपल्या साहित्यातील हा फार जुना दाखला म्हणावा लागेल.

आता कुलपाच्या पोटात डोकावू. आज फ्लॅटच्या दारांना सर्रास दिसणारे खिट्यांचे कुलूप लायनस येल धाकटे यांनी अमेरिकेत १८६०च्या दशकात सिद्ध केले. त्यात एक फिरणारे नळकांडे असते. नळकांड्याच्या वरच्या अंगाला ओळीने भोके असतात. प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन खिट्या आणि त्यांच्यावर स्प्रिंग असते. किल्ली नसताना वरची खिटी नळकांडे व बाहेरचे कवच या दोहोंत अडकून राहते, म्हणून नळकांडे फिरत नाही. योग्य किल्लीचे दाते प्रत्येक जोडीला नेमके इतके उचलतात की दोन खिट्यांमधला सांधा नळकांड्याच्या कडेशी जुळतो. सर्व सांधे एका रेषेत आले की कुलूप उघडते.

हे सारे निर्दोष असते तर किल्लीवाचून कुलूप उघडताच आले नसते. परंतु कारखान्यात पाडलेली भोके तंतोतंत एका रेषेत कधीच नसतात. नळकांड्यावर हलका ताण दिला की सर्व खिट्या एकदम न अडकता एकेक करून अडकतात. अडकलेली खिटी बारीक आकड्याने उचलली की ती जागेवर बसते, मग पुढची अडकते. कुलूप उघडणारा माणूस या केसाएवढ्या फरकाचाच फायदा घेतो. स्वस्त कुलपात हा फरक मोठा असतो, तर काळजीपूर्वक घडवलेल्या कुलपात फार थोडा. कुलपाची खरी किंमत या अचूकतेत असते, त्याच्या वजनात किंवा चकाकीत नव्हे.

छांदिष्ट आपली हत्यारे स्वतःच घडवतात. लागतात दोनच: ताण देणारी वाकवलेली पट्टी आणि बारीक आकडा. लोखंड कापण्याच्या करवतीचे जुने पाते किंवा गाडीच्या वायपरमधील पोलादी पट्टी त्यासाठी चालते. कठीण भाग घासण्याचाच आहे. यंत्रावर घाईने घासल्यास पोलाद तापून निळे पडते, त्याचे पाणी उतरते आणि आकडा कुलपात वाकतो. म्हणून थोडे घासायचे, पाण्यात बुडवायचे, पुन्हा घासायचे. शेवटी बारीक पॉलिश कागदाने कडा गुळगुळीत करायच्या. धातूशी धीराने वागण्याचा हा उत्तम पाठ आहे.

असे ज्ञान उघडपणे द्यावे काय, हा प्रश्न जुनाच आहे. लंडनमध्ये ब्रामा कंपनीने १७९० पासून दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवले होते, ते उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस होते. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने प्रथम प्रसिद्ध चब कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले. पुढे ब्रामाचे कुलूपही त्याने १६ दिवसांत विभागलेल्या सुमारे ५१ तासांच्या खटपटीनंतर उघडले. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. चोरांना आयतेच शिक्षण मिळेल, अशी ओरड झाली. त्यावर उत्तर असे आले की चोर आपल्या धंद्यात आधीच तरबेज असतात, अंधारात राहतो तो ग्राहक. पुढच्या काळात कुलपे सुधारली, ती या उघड परीक्षेमुळेच. मुंबईत आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला, तेव्हा सहज न उघडणारे कुलूप हीच त्यांच्या मालाची ख्याती ठरली.

छंद आणि गुन्हा यांमधली रेषा मात्र स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० नुसार गृह-अतिक्रमण करण्यासाठी कुलूप उघडून आत शिरणे ही घरफोडी ठरते. कुलूप फोडले की अलगद उघडले, याने फरक पडत नाही. म्हणूनच छांदिष्टांचे दोन नियम जगभर पाळले जातात. जे कुलूप आपले नाही ते परवानगीशिवाय उघडायचे नाही, आणि जे वापरात आहे त्यावर सराव करायचा नाही, कारण आतली खिटी बिघडल्यास दार कायमचे अडून बसते. रात्री-अपरात्री अशी हत्यारे खिशात बाळगणे हेही संशयाला निमंत्रण देणारे आहे.

गोव्यात हा विषय जिव्हाळ्याचा आहे. नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्यांची घरे येथे गावोगाव वर्षानुवर्षे बंद असतात. खाऱ्या हवेने व पावसाने कुलूप गंजते, कोयंड्याचे स्क्रू कुजक्या लाकडात सैल होतात, माडीची खिडकी नुसत्या खिळीवर राहते आणि कौले हाताने सरकतात. महागडे कुलूप घेऊनही कोयंडा पहारीच्या एका हिसक्यात निघत असेल, तर तो खर्च व्यर्थच गेला. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी आपल्या घराभोवती एक फेरी मारावी आणि किल्लीवाचून आत कसे शिरता येईल, हे स्वतःच शोधून पाहावे. जो रस्ता सर्वांत सोपा वाटेल, पहिली दुरुस्ती त्याची करावी. त्यानंतर कुलपाची निवड करावी, आणि घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवून महिन्यातून एकदा दारे-खिडक्या उघडून पाहण्यास सांगावे.