तोडलेल्या वृक्षाचे मूळ

बागेतील वृक्ष तोडला, फांद्यांच्या मोळ्या झाल्या, खोडाचे ओंडके गाडीवर चढले, म्हणजे काम संपले असे सामान्यतः समजले जाते. परंतु पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी त्या जागी जाऊन पाहावे. खुंटाच्या सालीतून कोवळ्या धुमाऱ्यांचा झुपका वर आलेला असतो. आणि वृक्ष बुचाचा असेल, तर खुंटापासून बऱ्याच अंतरावर, हिरवळीतून, फरशीच्या सांध्यांतून, कुंपणाच्या भिंतीलगतही फुटवे डोकावू लागतात. वृक्ष पडला खरा. मेला मात्र नाही.

बूच हा मूळचा म्यानमार व आग्नेय आशियातील वृक्ष. त्यास आकाशमोगरी असेही म्हणतात. उत्तर भारतात तो आकाशनीम या नावाने ओळखला जातो. लांब नळीच्या शुभ्र, सुवासिक फुलांसाठी तो भारतभर उद्यानांतून लावला गेला. त्याचे लाकूड ठिसूळ असल्यामुळे वादळात तो मोडतो आणि घराजवळ असल्यास तोडण्याची पाळी येते. मुळांपासून फुटवे देण्याचा त्याचा स्वभाव लागवडीच्या वेळी माळ्यास उपकारक वाटतो. तोडल्यानंतर तोच उपद्रव ठरतो.

या चिवटपणाचे कारण जमिनीखाली आहे. पाने सूर्यप्रकाशात जे अन्न तयार करतात, त्यातील शिल्लक भाग सालीच्या आतील थरातून, म्हणजे परिकाष्ठातून, खाली उतरतो आणि मुळांत पिष्टाच्या रूपाने साठतो. खोडाच्या सालीखाली सुप्त कळ्याही असतात. शेंडा शाबूत असेपर्यंत तेथून येणारी संप्रेरके त्यांना दाबून ठेवतात. शेंडा नाहीसा झाला की ते बंधन सुटते. मुळांतील साठा त्यांना हाताशी असतोच. सर्वच झाडांना हे साधत नाही. नारळाला वाढीचा एकच कोंब, तोही माथ्यावर. तो गेला की झाड संपले. साग, साल, निलगिरी हे मात्र तोडल्यावर जोमाने फुटतात आणि वनव्यवस्थेत या गुणाचा मुद्दाम उपयोग करून घेतला जातो.

तेव्हा खुंट मारणे म्हणजे वस्तुतः मुळांतील कोठार रिकामे करणे होय. हे चहाच्या मळ्यांतही ओळखले गेले. मळ्यात सावलीसाठी लावलेले वृक्ष तोडले की त्यांच्या पिष्टाने भरलेल्या मुळांवर आर्मिलारिया ही कवक पोसली जाई आणि तेथून शेजारच्या चहाच्या झुडपांच्या मुळांना रोग लागे. १९३० नंतरच्या दशकात न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीत, लीच या संशोधकाने असे सुचविले की वृक्ष तोडण्यापूर्वी त्याच्या बुंध्याभोवती सालीचे एक वलय पूर्णपणे काढून टाकावे. यामागील तर्क मोठा सुंदर आहे. पाणी लाकडातून वर चढते, त्यामुळे पाने काही काळ हिरवी राहतात. पण अन्नाची खाली येणारी वाट बंद झाल्याने मुळे स्वतःचा साठा खाऊ लागतात. कोठार रिकामे झाल्यावर वृक्ष तोडावा. मग कवकीलाही मेजवानी मिळत नाही. दक्षिण भारतातील चहाच्या मळ्यांत सिल्व्हर ओक तोडण्यापूर्वी हीच रीत सांगितली जाते.

साठा संपला की नाही हे शाळेतील मुलांनाही पाहता येईल. मुळाचा ताजा काप घेऊन त्यावर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. काप निळा-काळा झाला तर पिष्ट अजून शिल्लक आहे. नुसता पिवळसर-तपकिरी राहिला तर कोठार ओस पडले आहे.

घराच्या अंगणात मात्र ही रीत जपून वापरावी लागते, कारण उभा वाळणारा वृक्ष छपरावर फांद्या टाकतो. वलयाखालून येणारे धुमारेही खुडावे लागतात. शिवाय दिल्लीच्या १९९४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात साल वर्तुळाकार काढणे हेसुद्धा वृक्ष तोडण्याच्या व्याख्येत येते. महाराष्ट्राच्या नागरी भागांसाठी १९७५ चा असाच कायदा आहे. परवानगी आधी, कुऱ्हाड नंतर.

वृक्ष आधीच तोडला गेला असेल तर उपासमारीचा दुसरा मार्ग उरतो. धुमारा वीतभर होण्यापूर्वीच तो मुळाशी काढावा, आणि हे न कंटाळता करीत राहावे. कोवळा धुमारा कोठारातून उसने घेतो. पाने मोठी झाल्यावरच तो परतफेड करू लागतो. त्यापूर्वी तो खुडला की प्रत्येक वेळी मूळ काहीतरी गमावते. महिनाभर दुर्लक्ष झाले, तर पूर्वीची बरीच मेहनत वाया जाते.

ग्लायफोसेटसारखे तणनाशक ताज्या कापावर लावण्याची पद्धतही प्रचलित आहे. मोठ्या खुंटाच्या मधले लाकूड मृतच असते. औषध सालीलगतच्या कड्यावर, कापल्यानंतर काही मिनिटांतच लावावे लागते, नाहीतर पेशी सुकून ते आत शिरत नाही. येथे एक धोका लक्षात ठेवावा. एकाच जातीच्या शेजारच्या वृक्षांची मुळे कित्येकदा जमिनीखाली परस्परांशी जुळलेली असतात. न्यूझीलंडमधील कौरी वृक्षाचा एक पर्णहीन खुंट शेजाऱ्यांच्या आधारे जिवंत असल्याचे संशोधकांनी २०१९ मध्ये दाखविले. ज्या वाटेने अन्न जाते, त्या वाटेने विषही जाते. राखावयाचे झाड शेजारी असेल तर कुदळच बरी. भारत सरकारने २०२२ च्या अधिसूचनेने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घातले, हेही ध्यानी असावे.

खुंटात मीठ भरणे, आम्ल ओतणे, रॉकेल टाकून जाळणे हे उपाय आजही चालतात. मिठाने जमीन नापीक होते. आम्लाने हात भाजतात, मुळे मात्र खाली सुखरूप राहतात. आणि वाळक्या मुळांत शिरलेली आग दिसत नसली तरी धुमसत राहते.

मेलेला खुंट नंतर कवकी आणि वाळवी खाऊन टाकतात. जाड मुळे कुजण्यास वर्षे लागतात आणि त्यांच्या जागी जमीन खचते. म्हणून त्या जागेवर लगेच फरशी बसवू नये. काही पावसाळे जाऊ द्यावेत, खळगे पडतील तसे मातीने भरीत जावेत आणि तोवर तेथे भाजीचा वाफा करावा.