नक्कल आणि डकव

समजा, वैभववाडीच्या एखाद्या विद्यार्थ्याने संगणकावर करूळ घाटाचे वर्णन लिहिले आणि त्यातील पावसाचा परिच्छेद त्यास आरंभी हवासा वाटला. पूर्वी वृत्तपत्राच्या कचेरीत अशा वेळी कात्री व खळ हाती घेत. १९७५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी हीच युक्ती पडद्यावर आणली. निवडलेला मजकूर ‘कट’ वा ‘कॉपी’ करताच ‘क्लिपबोर्ड’ नामक तात्पुरत्या स्मृतीत जातो. ‘पेस्ट’ करताच हव्या त्या स्थळी उमटतो. ही स्मृती मात्र मोठी विसराळू! तिच्यात बहुधा एकच वस्तू राहते. ‘कट’ केलेला परिच्छेद डकवण्यापूर्वी मध्येच दुसरा शब्द ‘कॉपी’ केला, की पाऊस निबंधातूनही गेला आणि स्मृतीतूनही. त्याच क्षणी ‘अनडू’ आठवले, तर तो परत येतो.